खर्जाची वही

सड्यावरच्या कपेलात, बाकांवर,
बंदरातला कोळसा रोज नव्यानं येऊन बसतो.
केरूबिना फडकं मारते, मग तालीम.
मी शेवटच्या बाकावर. माझा धंदा सामान मोजण्याचा :
भांडार विभाग, दक्षिण ध्रुवाची मोहीम.
तांदूळ चाळीस पोती, सोलं बारा किलो,
लोकरी मोजे, डिझेलची गाळणी, एक फुटबॉल.
बर्फ मी फक्त पावत्यांवर पाहिला.

आमच्या घुमटआरतीत सगळे एका वाटेनं जातात.
दमला तो मागे राहतो,
पुढल्या कडव्याला येऊन मिळतो.
इथं वाटा चार.
एकाच वेळी निघायचं, कुणाच्या पावलावर पाय द्यायचा नाही,
आणि पोचायचं मात्र एकाच उंबऱ्याशी.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं,
हे गाणं नाही, जहाजांचं वेळापत्रक आहे.

मेस्त लुदोविननं तरुणपणी रचलेला मोतेत, उपासाच्या दिवसांतला.
वह्या तीन आहेत.
चौथी, खर्जाची, झेफेरिन घेऊन गेला मोहिमेवर.
इंजिनांचा मेकॅनिक तो. म्हणाला,
तिथं रात्रच दोन महिन्यांची, पाठ करून येतो.
पाठ करून आला.
वही राहिली स्वयंपाकघराच्या फळीवर, हळदीच्या डब्यामागे.
मग ते ठाणंच बर्फात गेलं.
आधी खिडक्या, मग दार, मग धुराडं.
खूण म्हणून वर बांबू रोवलेला,
दर वर्षी उपसून वर घ्यायचा.
एका वर्षी बांबूच सापडला नाही.

तरी अडलं नाही कुणाचं. वही झेफेरिनच्या छातीत होती.
गेल्या नाताळानंतर त्याच्या मेंदूत एक शीर फुटली.
माणसांची नावं राहिली, सूर गेले.
मेस्त म्हणतो, लिहिलं मी, पण गायला तो.
माझ्यापाशी काय उरणार?

आमच्या कचेरीच्या जिन्यात एक जुना नकाशा टांगलाय.
खाली केवढी थोरली जमीन, कुणीच न पाहिलेली.
वर इतकी भुई, तर खाली तोलाला काही असणारच,
नाहीतर पृथ्वी कलंडेल,
एवढ्या हिशेबावर काढलेली.
तिच्यात नद्या आहेत. पोपटसुद्धा आहेत.
मग शेकडो वर्षं माणसं ती शोधायला गेली.
कुणी तिच्याभोवती सबंध फेरी घालून आला
आणि त्याला दिसलं फक्त धुकं.
कुणाला किनारा दिसला, सकाळी तो ढग निघाला.
कुणी कुत्री नेली, कुणी घोडे,
कुणी स्वतःच्या पायाची बोटं तिथंच ठेवून आला.

मेस्त तीन वह्या पेटीवर पसरतो.
"ही पोर इथं इतकी वर चढते," तो म्हणतो,
"म्हणजे खाली कुणीतरी पाय रोवून उभा असणार.
आणि इथं दोघंही गप्प होतात. कुणासाठी?"
पेन्सिलीनं एक ठिपका. खोडतो. जरा खाली दुसरा.
मग माझ्याकडे वळून, "ओ भांडार,
तुमचा आवाज जाड आहे. एवढा एक सूर धरा.
काहीही झालं तरी हलू नका."

धरला.
वरून तिघी-चौघी निघाल्या,
मधून आवेलिनचा आवाज गेला, मासळीच्या होडीसारखा, तिरका.
माझ्या बरगड्यांखाली काहीतरी थरथरत होतं,
ते माझंच होतं की बाकाचं, कळेना.
बंदरात एक बोट भोंगा देऊन गेली, चुकीच्या पट्टीत.

झेफेरिन दाराशी, गुडघ्यांवर घोंगडी.
त्यानं बरा असलेला हात वर केला.
"तशें न्हय."
"मागीर कशें?" मेस्तनं विचारलं.
झेफेरिन बराच वेळ खाली पाहत राहिला,
फरशीखाली एखादी फळी आहे,
तिच्यावर डबा आहे, अशा नजरेनं.
"थंडी होती," एवढंच म्हणाला.
आणि मग, कुणी विचारलं नसताना,
"पण हेही उभं राहतंय."

बाकीचे केव्हाच थांबले होते.
मला कुणी थांब म्हटलं नव्हतं.